तेरची बाहुली आणि जगातील वस्तुसंग्रहालये

दिवाळीनंतर शालेय सहलींचा हंगाम सुरू होतो आणि हदगाव तालुक्यातील शाळा माहूर, औंढा, वेरूळ, हैदराबाद या वाटांना लागतात. या प्रवासात एखादे वस्तुसंग्रहालय बहुधा असतेच. परंतु त्याच्या वाट्याला भोजन आणि पुढील मुक्काम यांच्यामध्ये उरलेला अर्धा तास येतो. मुले एका दारातून आत शिरतात, दुसऱ्या दारातून बाहेर पडतात आणि परत आल्यावर सहलीच्या निबंधात ‘तेथे पुष्कळ जुन्या वस्तू होत्या’ एवढे एकच वाक्य लिहितात. हा दोष मुलांचा नव्हे. तेथे काय पाहावयाचे आणि ते तेथे कोणी व कशासाठी आणून ठेवले, हे त्यांना आधी कोणी सांगितलेलेच नसते.

मूल्यवान वस्तूंचा संग्रह करणे ही काही नवी गोष्ट नव्हे. राजांचे जामदारखाने आणि देवस्थानांची भांडारे पूर्वीपासून आहेतच. नवी गोष्ट आहे ती त्यांचे दार सर्वांस उघडणे ही. लंडन येथील ब्रिटिश म्युझियम १७५३ साली स्थापन झाले व १७५९ साली लोकांना खुले झाले. पॅरिसचा लूव्र हा मूळचा राजवाडा. राज्यक्रांतीनंतर १७९३ साली राजाचा चित्रसंग्रह त्याच वाड्यात जनतेस पाहावयास मिळू लागला. आपल्या देशात कलकत्त्याचे संग्रहालय १८१४ मधील, नागपूरचा ‘अजब बंगला’ १८६३ मधील, मुंबईच्या भायखळ्याचे संग्रहालय १८७२ मधील आणि सयाजीराव गायकवाडांनी उभारलेले बडोद्याचे १८९४ मधील आहे. भायखळ्याच्या संग्रहालयास १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. नागपूरकरांनी आपल्या संग्रहालयास ‘अजब’ म्हटले ते योग्यच होते. पण अजब वाटणे ही पहिली पायरी झाली, आणि पुष्कळांची भेट तेथेच संपते.

मराठवाड्यातील शिक्षकाने प्रथम पाहावे असे संग्रहालय पॅरिसला नाही, तेरला आहे. धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी वसलेले हे गाव संत गोरोबा काकांचे म्हणून सर्वांस ठाऊक आहे. परंतु गोरोबांच्या काळाच्या हजार-बाराशे वर्षे आधी त्याचे नाव ‘तगर’ असे होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक लेखकाने समुद्रव्यापाराचे जे मार्गदर्शक पुस्तक लिहिले, ‘पेरिप्लस’ या नावाने जे ओळखले जाते, त्यात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे नगर असल्याचे व तेथील साधे कापड आणि मलमल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असल्याचे नमूद केलेले आहे. भडोचहून तो माल जहाजांनी पश्चिमेकडे जाई.

हे नगर नंतर मातीखाली गेले. गावाला ‘पांढरी’ आणि शेताला ‘काळी’ म्हणण्याची आपली जुनी रीत आहे. पिढ्यान्पिढ्यांच्या चुलींची राख, पडलेल्या भिंती, शेणमाती यांनी वस्तीची जमीन पांढुरकी होते, हे त्या नावामागील कारण होय. आणि पुराणवस्तूंचा अभ्यासक नेमकी हीच पांढर शोधीत असतो. तेरच्या पांढरीच्या टेकाडांतून मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती, नाणी निघत. तेरचेच रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या जमविण्यास आरंभ केला. गावकऱ्यांना जे खापर वाटे ते या गृहस्थांना मोलाचे वाटले. त्यांचा तो संग्रह पुढे शासनाकडे आला आणि आज त्यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय तेर येथे उभे आहे. गावातील त्रिविक्रमाचे विटांचे देऊळही मुलांना अवश्य दाखवावे. त्याची मागची बाजू अर्धवर्तुळाकार आहे. मूळची ही वास्तू बौद्ध चैत्यगृह असावी, असे अभ्यासक मानतात.

या संग्रहात एक लहानशी हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिची थोरवी कळण्यासाठी इटलीपर्यंत जावे लागते. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस पर्वताचा उद्रेक होऊन पाँपेई हे शहर राखेखाली गाडले गेले. १९३८ साली तेथील एका घराच्या उत्खननात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. उंची सुमारे २५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून किंचित अधिक. अंगभर अलंकार, दोन बाजूंस दोन दासी. मूर्ती भारतीय आहे हे पाहताक्षणीच कळत होते. तिला प्रथम लक्ष्मी म्हटले गेले. आता ते नाव बहुतेकांना मान्य नाही. ती भारतात कोठे घडली, हा प्रश्न मात्र राहिला. तेरची मूर्ती आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथील हस्तिदंती मूर्तीचा अवशेष यांचे तिच्याशी असलेले साम्य पाहून अनेक अभ्यासकांची दृष्टी आपल्या प्रदेशाकडे वळली. पाँपेईची ती मूर्ती आज नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तेरणाकाठची एक बाहुली आणि नेपल्समधील एक बाहुली एकमेकींची साक्ष देतात, आणि पेरिप्लसमधील गाड्यांचे ते वाक्य खरे ठरते.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविली पाहिजे. ही साक्ष उभी राहिली, कारण वस्तू कोठे सापडली हे ठाऊक होते. पाँपेईची मूर्ती इसवी सन ७९ पूर्वीची, हे राखेनेच सांगितले. तीच मूर्ती एखाद्या व्यापाऱ्याच्या पेटीत मिळाली असती, तर ती सुंदर राहिली असती, पण मुकी झाली असती. म्हणूनच प्रत्येक चांगल्या संग्रहालयात नोंदवही असते आणि वस्तूवर बारीक अक्षरांत क्रमांक घातलेला असतो. काचेआडच्या नामपट्टीवरील सापडल्याचे ठिकाण हे सर्वांत महत्त्वाचे; मुले मात्र काळ तेवढा वाचतात. ‘हात लावू नये’ ही पाटी पाहून मुले विचारतात, का? तळहाताच्या घामात क्षार व स्निग्धांश असतो, त्याने धातू गंजतो. प्रखर उजेडाने कापडाचे व चित्रांचे रंग विटतात, म्हणून काही दालनांत मुद्दाम मंद प्रकाश ठेवलेला असतो. कारण कळले की मुले आपण होऊन हात मागे घेतात.

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयाशी हदगावकरांचे नाते जुने आहे. १९५६ पर्यंत हा तालुका हैदराबाद राज्यातच होता. निजामाचे काही काळ दिवाण असलेले मीर युसुफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग, १९४९ साली निवर्तले. त्यांच्या संग्रहाचे १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते संग्रहालय झाले आणि १९६८ साली ते आजच्या इमारतीत आले. तेथे दर तासाला एक छोटा पुतळा बाहेर येऊन टोले देतो; त्या घड्याळापुढे सारी गर्दी खोळंबते. बेंझोनी या इटालियन शिल्पकाराची बुरख्यातील रेबेका पाहूनही लोक थक्क होतात, कारण संगमरवरातून विरळ वस्त्र भासविलेले आहे. हे पाहावेच. परंतु अडतीस दालने एका दिवशी पाहण्याचा अट्टाहास व्यर्थ आहे. दोनच दालने निवडावीत, प्रत्येक मुलाने एकच वस्तू घेऊन तिच्यासमोर पंधरा मिनिटे बसावे, तिचे चित्र काढावे, आणि ती कशाची, कोठली, कोणाच्या उपयोगाची, येथे कशी आली, एवढे लिहून आणावे.

पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय या दृष्टीने खेड्यातील मुलांस अधिक जवळचे वाटेल. दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) अकाली गेलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाच्या स्मरणार्थ ते उभे केले. त्यात दिवे आहेत, अडकित्ते आहेत, वज्र्या, कोरीव दरवाजे आहेत. स्वीडनमध्ये स्टॉकहोम येथे १८९१ साली निघालेल्या ‘स्कान्सेन’ या संग्रहालयात तर शेतकऱ्यांची जुनी घरे जशीच्या तशी आणून उभी केली आहेत. राजाचा मुकुट जपावा तसे कुणब्याचे जाते जपावे, ही दृष्टी युरोपातही फार जुनी नाही.

शाळेत अशी एक पेटी करता येईल. चिपटे, मापटे, अडशेरी, पायली ही मापे आज पाचवीतील मुलाला दिसतही नाहीत. चारमिनारचे चित्र असलेला हाली रुपया कित्येक घरांत अद्याप असतो. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, हे गणित आजोबांना पाठ होते. उर्दू व मोडीतील घरगुती कागद आणावेत, पण ते नक्कल अथवा छायाचित्र घेऊन घरी परत द्यावेत. मूळ कागद शाळेत वाळवीच्या स्वाधीन करू नयेत. वस्तूगणिक नोंदवहीत एक ओळ असावी: क्रमांक, नाव, कोणी दिली, कोठे होती, काय उपयोग, तारीख.

मात्र पांढरीतून निघालेली नाणी, मूर्ती, शिलालेख यांना या पेटीत जागा नाही. धाब्याच्या घरांवर घालण्यासाठी पांढरी माती खणून नेण्याची आपल्याकडे चाल होती, आणि त्यात किती टेकाडे नाहीशी झाली याची गणती नाही. जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे १८७८ च्या निखात निधी अधिनियमान्वये बंधनकारक आहे; १९७२ च्या कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती व तत्सम पुराणवस्तू खासगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाहीत. आंध्रातील अमरावतीच्या (वऱ्हाडातील नव्हे) स्तूपाची कित्येक शिल्पे पाहण्यास आज लंडनला जावे लागते, हे वर्गात सांगण्यासारखे आहे. वस्तू दिसताच ती हलवू नये, जागा लक्षात ठेवावी, शक्य तर छायाचित्र घ्यावे व तलाठ्यामार्फत तहसीलदारांस त्याच दिवशी कळवावे.

सहल ठरविताना संग्रहालयास पत्राने आधी कळविल्यास माहिती देणारा माणूस मिळण्याचा संभव असतो. सालारजंग शुक्रवारी बंद असते, हे हदगावहून गाडी निघण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे.