ब्युरेट कुणाच्या हातात?

पहिली अकरा वर्षं मी एका तालुक्याच्या गावी, मुलं-मुली एकत्र असलेल्या कॉलेजात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं. प्रॅक्टिकलला चौघांची बॅच असे. ब्युरेट, म्हणजे द्रावण थेंबथेंब सोडायची नळी, एका मुलाकडे, फ्लास्क हलवायला दुसरा मुलगा आणि रीडिंग लिहायला मुली, कारण त्यांचं अक्षर चांगलं. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. मीही कधी हटकलं नाही, त्याची रुखरुख अजून आहे. परीक्षेत एका हुशार मुलीचा हात ब्युरेटच्या कॉकवर थरथरत होता. रंग फिकट गुलाबी झाला की थांबायचं असतं. तिच्या फ्लास्कमध्ये तो गर्द होऊन गेला. वर्षभर तिनं फक्त आकडे लिहिले होते.

पुढे पुण्यात मुलींच्या शाळेत आले. पहिल्याच आठवड्यात प्रयोगशाळेतला गॅस संपला आणि शिपाई रजेवर. सवयीनं ‘अरे, दोघं जण या’ म्हणायला तोंड उघडलं, तोवर दोन मुली पाना घेऊन सिलिंडरपाशी बसल्याही होत्या. बाकं उचलणं, स्नेहसंमेलनाचा पडदा बांधणं, चुकीचं उत्तर मोठ्यानं देणं, सगळं त्यांनाच करावं लागे. ‘हे मुलांचं काम’ म्हणायला तिथं मुलगाच नव्हता. माझ्या मते मुलींच्या शाळेचा खरा फायदा हा आहे.

आणखी एक, ज्याबद्दल पालकसभेत कुणी बोलत नाही. पाळी आलेली मुलगी तासाला सरळ हात वर करून बाहेर जाई. डाग पडला तर मागच्या बाकावरून स्वेटर पुढे येई. आधीच्या कॉलेजात त्याच कारणानं मुली दोन-दोन दिवस घरी बसत.

पुण्यात ही वाट जुनी आहे. फुले दांपत्यानं १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. १८८४ मध्ये न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, डॉ. भांडारकर यांच्या पुढाकारानं मुलींचं हायस्कूल निघालं. पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेच्या जागेवर ते उभं राहिलं, म्हणून हुजूरपागा. मुली पूर्ण दिवस शाळेत बसल्या तर घरकामाचं काय, अशी टीका तेव्हा झाली. पुढे मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे सात वर्षांच्या असताना ब्रह्मदेशातून येऊन हुजूरपागेत शिकल्या.

गुणांचं म्हणाल तर संशोधकांचं एकमत नाही. दक्षिण कोरियात सोलमध्ये विद्यार्थ्यांना शाळा चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मिळे. तिथल्या अभ्यासात मुलींच्या शाळांतल्या मुलींचे गुण सरस दिसले. २०१४ मध्ये मात्र २१ देशांतले १८४ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा काटेकोर तुलनेत फारसा फरक उरला नाही. मला त्याचं दुःख नाही. हातात आलेली सफाई गुणपत्रिकेवर छापली जात नाही.

‘बाई, पुढे मुलांमध्ये ही कशी वावरेल?’ हा प्रश्न प्रवेशाच्या वेळी दरवर्षी येई. इंजिनिअरिंगला गेलेली माझी एक विद्यार्थिनी दिवाळीत भेटायला आली होती. वर्कशॉपमध्ये लेथवर ती जॉब लावत असताना शेजारचा मुलगा म्हणाला, ‘दे, मी करतो.’

‘मग काय केलंस?’ मी विचारलं.

‘त्याला वही दिली, बाई. म्हटलं, तू रीडिंग लिही.’