खसखस, अफू आणि पिवळा धोत्रा

दिवाळीत घरी अनारसे झाले, म्हणजे त्यांच्या एका अंगाला चिकटलेले बारीक पांढरे दाणे तुम्ही पाहिले असतील. ही खसखस. थंडीत डिंकाच्या लाडवांतही ती घालतात. ही खसखस म्हणजे अफूच्या झाडाचे बी, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

आता हिवाळ्याच्या अखेरीस गावाबाहेरच्या रस्त्याच्या कडेला नजर टाका. पडीक जमिनीवर पिवळ्या नाजूक पाकळ्यांचे एक काटेरी झुडूप दिसेल. त्याच्या पानांच्या शिरांवर पांढरट पट्टे असतात. पान तोडले, की पिवळा चीक येतो. हा पिवळा धोत्रा. नावात धोत्रा असला, तरी खऱ्या धोत्र्याशी त्याचे नाते नाही. तो मूळचा मेक्सिकोकडचा, आणि कुल मात्र अफूचेच. या कुलाला वनस्पतिशास्त्रात पॅपॅव्हरेसी म्हणतात. त्यात ७००हून अधिक जाती आहेत.

एकाच कुलातून पदार्थाला चव आणणारे बी मिळते, वेदना शमवणारे औषध मिळते आणि जीव घेणारे विषही मिळते. असे का व्हावे?

याचे उत्तर चिकात आहे. अफूच्या फुलाच्या पाकळ्या गळल्या, की हिरवे बोंड राहते. त्याला बारीक चिरा दिल्या म्हणजे पांढरा चीक पाझरतो. तो रात्रभर बोंडावरच सुकून तपकिरी होतो व सकाळी खरवडून घेतात. हीच अफू. बियांमध्ये चीक वाहणाऱ्या नलिका नसतात. म्हणून एकाच बोंडात बाहेर अफू आणि आत निर्धोक खसखस असू शकते. तरीही बियांना बाहेरून चिकाचा अंश लागण्याचा संभव असतो. संयुक्त अरब अमिरात व सिंगापूर या देशांत खसखस नेण्यास बंदी आहे. तिकडे नातलग असतील, तर त्यांच्यासाठी अनारशांचे सामान पाठवताना हे ध्यानात ठेवा!

अफूने वेदना थांबतात, हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत होते. पण अफूच्या एका गोळीत औषध किती, हे कोणालाच सांगता येत नसे. एका शेतातली अफू सौम्य, तर दुसऱ्या शेतातली जहाल. तेवढ्याच आकाराची गोळी एका रोग्याला अपुरी पडे आणि दुसऱ्याचा प्राण घेई.

ही अडचण सोडवली ती जर्मनीतील पाडरबोर्न गावच्या औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या फ्रीडरिख झेर्ट्युर्नर या विशीतल्या तरुणाने. १८०५च्या सुमारास त्याने अफूच्या अर्कात अमोनिया मिसळून एक स्फटिकरूप द्रव्य वेगळे केले. ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून त्याचे नाव पडले मॉर्फीन. वनस्पतीतून शुद्ध स्वरूपात मिळालेले हे पहिले अल्कलॉइड होय. अल्कलॉइड म्हणजे वनस्पतीतील नायट्रोजनयुक्त, अल्कधर्मी सेंद्रिय द्रव्य. त्याचा शरीरावर तीव्र परिणाम होतो.

पुढे झेर्ट्युर्नरने स्वतः आणि तीन तरुणांनी हे द्रव्य घेऊन पाहिले. पाऊण तासात तीन वेळा मिळून प्रत्येकाने सुमारे १०० मिलिग्रॅम घेतले. चौघेही इतके गळून गेले, की अखेर व्हिनेगर पिऊन ओकारी काढावी लागली. आज असा प्रयोग कोणी करू धजणार नाही, व कोणी करूही नये. पण आता औषध वजन करून देता येऊ लागले. १८३२ साली कोडीन वेगळे झाले व १८४८ साली पॅपॅव्हरीन. कोडीन वेदना व खोकला कमी करते, तर पॅपॅव्हरीन आतड्यांचे व रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल करते. अफूतलेच नॉस्कॅपीन खोकला थांबवते, पण त्याचे व्यसन लागत नाही.

मॉर्फीन काम कसे करते? १९७३ साली मेंदूत असे ग्राहक सापडले, की ज्यांना मॉर्फीनचा रेणू कुलुपात किल्ली बसावी तसा बसतो. मग मेंदूत हे कुलूप आले कशासाठी? १९७५ साली डुकराच्या मेंदूतून त्याची मूळ किल्ली मिळाली. आपला मेंदू स्वतःच वेदनाशामक द्रव्ये तयार करतो! मॉर्फीन त्यांची जागा घेते. ते श्वास चालवणाऱ्या केंद्रालाही मंदावते. म्हणून मात्रा वाढली, की श्वास थांबून मृत्यू येतो. आणि वारंवार घेतले, की व्यसन जडते. कर्करोगाच्या असह्य वेदनांवर मात्र मॉर्फीनसारखा आधार नाही. म्हणूनच भारतात मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात अफूची शेती होते, पण ती केवळ सरकारी परवान्यानेच. चीक सरकारच घेते. त्यातील अल्कलॉइडे नीमच व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत वेगळी करतात.

आता पिवळ्या धोत्र्याकडे वळू. या कुलातील अनेक झाडे टायरोसीन या अमिनो आम्लापासून रेटिक्युलीन नावाचे द्रव्य बनवतात. रेटिक्युलीनपाशी वाट फुटते. अफूचे बोंड एका वाटेने मॉर्फीनकडे जाते. पिवळा धोत्रा दुसऱ्या वाटेने बर्बेरीन व सँग्विनरीन बनवतो. दारुहळदीचा पिवळेपणा ज्या बर्बेरीनमुळे येतो, तेच हे. सँग्विनरीन मात्र घातक. आणि अफूत नाही, पण पिवळ्या धोत्र्यात बियांच्या तेलातही विष उतरते.

हे झुडूप मोहरीच्या शेतात तण म्हणून उगवते व त्याचे बी मोहरीसारखे दिसते. चुकून वा लोभाने ते मोहरीत मिसळले गेले, की तेल विषारी होते. शेकडा १ इतकी भेसळही रोगाला पुरते. केशवाहिन्या गळू लागतात, पाय सुजतात, धाप लागते, हृदय थकते. कधी डोळ्यांतील दाब वाढून दृष्टीही जाते. कलकत्त्यात १८७७ साली या रोगाची साथ नोंदली गेली. १९९८ साली दिल्लीत सुमारे ३,००० लोकांना हा रोग झाला व ६०हून अधिक दगावले. घरात शिजवलेले रोजचे अन्नच त्यांना भोवले.

आपल्याकडेही खरजेवर वा डोळ्यांवर या झुडपाचा चीक लावणारे लोक भेटतात. असे कधीही करू नका. झाड औषधी आहे, म्हणजे त्याचे प्रत्येक अंग कितीही घेतले तरी चालते, असे नव्हे. कोणत्या भागात कोणते द्रव्य आहे आणि त्याची मात्रा किती, हे ठाऊक झाले तरच वनस्पतीचे औषध होते.

एक प्रयोग शाळेत करता येईल. शिक्षकांच्या देखरेखीखाली पिवळ्या धोत्र्याचे सुकलेले बोंड आणा. काटे लागणार नाहीत, असे पाहा. त्याचे बी व स्वयंपाकघरातील मोहरी शेजारी ठेवून भिंगातून निरखा. मोहरी गोल, जवळजवळ गुळगुळीत दिसेल. दुसऱ्या बियांवर जाळीदार नक्षी असेल. बी तोंडात घालू नका, नंतर ते जाळून टाका आणि साबणाने हात स्वच्छ धुवा. भेसळ ओळखण्याची नायट्रिक आम्लाची कसोटीही आहे. भेसळीच्या तेलात तीव्र आम्ल मिसळले, की नारिंगी-तांबडा रंग येतो. पण हा प्रयोग शिक्षकांनीच प्रयोगशाळेत करून दाखवावा.

भिंगातून पाहिलेला तो फरक घरी आईला व शेजाऱ्यांनाही समजावून सांगा.