कंट्रोलरच्या ओसरीवर सिनेमा

भाच्याच्या घरी सिनेमा बघत होतो. ऐन रहस्य उलगडायच्या वेळी चित्र एकदम पुढे पळालं. कारण साधं होतं. मी सोफ्यावर टेकवलेल्या गेमच्या कंट्रोलरची मागची बटणं गादीत दाबली गेली होती. "मामा, तो पालथा ठेवायचा," भाचा म्हणाला. खेळासाठी घडवलेल्या यंत्राला सिनेमाच्या कामाला जुंपलं की असं व्हायचंच. पण त्याला जुंपलं कुणी?

अमेरिकेत नेटफ्लिक्सनं जानेवारी 2007 मध्ये इंटरनेटवरून सिनेमे दाखवायला सुरुवात केली, तीही फक्त संगणकावर. लोकांना सिनेमा हवा होता टीव्हीवर आणि तेव्हाचे बहुतेक टीव्ही इंटरनेटच्या गावचेच नव्हते. म्हणून कंपनीनं टीव्हीला जोडायचं स्वतःचं एक खोकं बनवायला घेतलं. ते जवळजवळ तयार असताना प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी त्यातून अंग काढून घेतलं. आपणच खोकी विकू लागलो तर इतर कंपन्या आपल्याला त्यांच्या यंत्रात कशाला घेतील, हा त्यांचा हिशेब. ते खोकं रोकू कंपनीकडे गेलं आणि मे 2008 मध्ये 100 डॉलरना बाजारात आलं.

नेटफ्लिक्सला हवी ती ओसरी मात्र लाखो घरांत आधीच तयार होती. गेम कन्सोलची वायर टीव्हीत खोचलेलीच होती. दूरच्या मित्राशी खेळण्यासाठी इंटरनेट आलं होतं, व्हिडिओ उलगडण्याची ताकद चिपमध्ये होती. शिवाय यंत्र बंदिस्त, त्यामुळे चोरून नक्कल होण्याची स्टुडिओंना वाटणारी धास्तीही कमी.

नोव्हेंबर 2008 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स 360 या कन्सोलवर नेटफ्लिक्स आलं. त्यासाठी नेटफ्लिक्सच्या वर्गणीवर मायक्रोसॉफ्टची वर्षाला 50 डॉलरची गोल्ड वर्गणीही भरावी लागे. वर्षभरानं प्लेस्टेशन 3 आणि 2010 मध्ये निन्टेन्डोचा वी या रांगेत आले. या दोन यंत्रांबाबत एक गंमत होती. नेटफ्लिक्स पोस्टानं एक डिस्क पाठवायचं आणि ती यंत्रात घातल्याशिवाय ऑनलाइन सिनेमा सुरूच व्हायचा नाही. डिस्कपासून सुटका करणारी सेवा डिस्कवाचून चालत नव्हती! ऑक्टोबर 2010 मध्ये ही अट गेली.

ओसरीवरच्या पाहुण्यानं मग हातपाय पसरले. एक्सबॉक्स लाइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन सेवेवर लोक ऑनलाइन खेळण्यापेक्षा सिनेमे, मालिका आणि गाण्यांत जास्त वेळ घालवतात, असं 2012 मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टनं सांगितलं. मे 2013 मध्ये कंपनीनं नवा एक्सबॉक्स वन दाखवला, तेव्हा टीव्हीचंच कौतुक इतकं झालं की गेमर वैतागले. आम्ही खेळायला यंत्र घेतो, हे त्यांचं म्हणणं होतं. त्यात किंमत 499 डॉलर, तर प्रतिस्पर्धी प्लेस्टेशन 4 ची 399. जून 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टनं सिनेमांसाठीची गोल्ड वर्गणीची अटही काढली. निन्टेन्डोनं तर 2017 मध्ये आणलेल्या स्विचवर नेटफ्लिक्स दिलंच नाही. तरी तो धडाक्यात खपला.

आपल्याकडे हा अध्याय जवळजवळ गाळलाच गेला. नेटफ्लिक्स भारतात आलं जानेवारी 2016 मध्ये. पुढच्याच वर्षी टीव्हीच्या पाठीत खोचायची ॲमेझॉनची फायर स्टिक 3,999 रुपयांत मिळू लागली आणि मग स्मार्ट टीव्हीही स्वस्त झाले. सिनेमासाठी महागडा कन्सोल घेण्याची गरजच उरली नाही.

ज्यांच्या घरी तो आहे, त्यांनी मात्र विजेचं गणित करावं. सिनेमा दाखवताना कन्सोल बरीच वीज खातो. स्टिकचं काम दोन-चार वॅटमध्ये भागतं. समजा कन्सोल 60 वॅट घेतो आणि तुम्ही रोज तीन तास बघता, तर महिन्याला सुमारे साडेपाच युनिट होतात. तीन वॅटच्या स्टिकला पाव युनिटच्या आसपास लागतं. बिल फार वाढत नाही, पण एवढं यंत्र तापवायचं कशाला? जमवलेल्या ब्लू-रे डिस्क असतील आणि कन्सोल त्या चालवणारा असेल, तर तो कामाचा. रोजच्या मालिकेला टीव्हीतलं ॲप पुरेसं.

हे सगळं भाच्याला ऐकवलं. त्यानं कंट्रोलर पालथा केला आणि म्हणाला, "पटलं मामा. पण रिमोट शोधायला उठणार कोण?"