शेवटचा पाव मैल सर्वांत वेगवान

लांब पल्ल्याच्या रेसमध्ये शेवटी जो घोडा मुसंडी मारताना दिसतो, तो बहुतेक वेळा वेग वाढवत नसतो. बाकीचे दमलेले असतात, तो जरा कमी दमलेला असतो, एवढंच. सेक्रेटरिएट नावाच्या तांबड्या घोड्याने ५ मे १९७३ रोजी केंटकी डर्बीत हा हिशेबच उलटा केला. सव्वा मैलाची रेस, म्हणजे पाच पाव मैल. त्याची वेळ बघा: २५.२ सेकंद, २४, २३.८, २३.४ आणि शेवटी २३. प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा जलद!

हा घोडा मालकिणीला मिळाला तो नाणेफेक हरल्यामुळे. १९६९ मध्ये पेनी चेनरी आणि ऑग्डेन फिप्स यांच्यात शिंगरांच्या वाटणीसाठी टॉस झाला. फिप्स जिंकले, त्यांनी पहिली निवड केली. समथिंगरॉयल या घोडीच्या पोटातलं शिंगरू मात्र चेनरींच्या वाट्याला आलं. जुलै १९७२ मधल्या पहिल्याच रेसमध्ये धक्काबुक्कीत सापडून ते चौथं आलं. पण पुढच्या २० रेसपैकी १६ जिंकल्या.

त्यांतली ९ जून १९७३ ची बेलमाँट स्टेक्स आजही बघताना विश्वास बसत नाही, इतकी विलक्षण आहे. अंतर दीड मैल, म्हणजे आपल्या महालक्ष्मीच्या इंडियन डर्बीएवढंच जवळजवळ. घोडे फक्त पाच. शॅम हा प्रतिस्पर्धी अर्धी रेस खांद्याला खांदा लावून पळाला आणि मग कोसळल्यासारखा मागे पडला. सेक्रेटरिएट पळतच राहिला. जॉकी रॉन टर्कॉटने शेवटी मान वळवून पाहिलं ते घड्याळाकडे. घोडे पाहायला मागे जवळपास कुणी नव्हतंच. ३१ घोड्यांच्या लांबीएवढ्या फरकाने विजय, वेळ २ मिनिटं २४ सेकंद. मातीच्या ट्रॅकवरचा तो विक्रम अजून मोडलेला नाही. दोन डॉलरच्या तिकिटावर परतावा होता २ डॉलर २० सेंट. ५,६१७ विजयी तिकिटं लोकांनी वटवलीच नाहीत. आठवण म्हणून ठेवली असणार, दुसरं काय!

एवढा दम येतो कुठून? चौखूर धावताना घोड्याचा श्वास टापांना बांधलेला असतो: एक झेप, एक श्वास. मनात आलं म्हणून जास्त श्वास घेता येत नाही. मग भार येतो रक्तावर. निवांत असताना मिनिटाला ३०-४० ठोके देणारं हृदय २२० च्या वर जातं आणि प्लीहा आकुंचन पावून साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात ओतते. जेवढं हृदय मोठं, तेवढं हे रक्त जोरात फिरणार.

१९८९ मध्ये खुरांच्या असाध्य दाहामुळे, लॅमिनायटिसमुळे, सेक्रेटरिएटला दयामरण द्यावं लागलं. शवविच्छेदन करणारे डॉ. थॉमस स्वर्झेक ते हृदय पाहून थक्क झाले. आजार नाही, सूज नाही. निरोगी, फक्त प्रचंड. थरोब्रेड जातीच्या घोड्याचं हृदय साधारण चार किलोचं; हे त्यांच्या अंदाजाने दहा किलोचं. अंदाजच, कारण ते वजन करायचं राहून गेलं.

पुढे शॅम मेला तेव्हा त्याचं हृदय मात्र त्यांनी तोललं. आठ किलोंहून जास्त भरलं. दुसऱ्या कुठल्याही वर्षी जन्मला असता, तर डर्बी बहुधा त्याचीच होती.