मरेक्सचा विषाणू कोंबडीच्या गुणसूत्रात कसा दडतो?

गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना डीएनएचा एक लहान क्रम पुनःपुन्हा आलेला असतो. या टोकांना 'टेलोमिअर' म्हणतात. पेशीविभाजनाच्या वेळी आतील जनुकांची झीज होऊ न देणे हे त्यांचे कार्य होय. कोंबडी, गाय व मनुष्य यांत हा क्रम 'टीटीएजीजीजी' असा सहा अक्षरी असतो, तर रेशीमकिड्यासह अनेक कीटकांत तो 'टीटीएजीजी' असा पाच अक्षरी असतो.

हंगेरीचे पशुवैद्य योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये वर्णिलेल्या मरेक्स रोगाचा विषाणू हर्पिस कुळातील आहे. त्याच्या डीएनएच्या टोकांशी कोंबडीचाच सहा अक्षरी क्रम अनेक वेळा आढळतो. या साधर्म्यामुळे विषाणूचा डीएनए पक्ष्याच्या टी-पेशींतील टेलोमिअरमध्ये सामावला जातो आणि तेथे सुप्तावस्थेत राहतो. पुढे या पेशी अनिर्बंध वाढून गाठी होतात. मज्जातंतू बाधित झाल्यास पाय लुळे पडतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात विषाणूतून हे पुनरावृत्त क्रम काढून टाकले असता त्याची वाढ चालू राहिली. मात्र गुणसूत्रात शिरण्याची व गाठी निर्माण करण्याची क्षमता पुष्कळ घटली.

एकदा सामावलेला विषाणू औषधाने काढता येत नाही. लस गाठी व मरतूक रोखते, संसर्ग मात्र पूर्णपणे थांबवत नाही. लसवंत पक्षीही पिसांच्या मुळांतून सुटणाऱ्या कोंड्यावाटे विषाणू बाहेर टाकतात आणि तो शेडमधील धुळीत अनेक महिने टिकतो. म्हणून 'लस दिली, आता काळजी नाही' ही समजूत घातक ठरते.

पिल्लांना उबवणूक केंद्रातच, पहिल्या दिवशी, लस द्यावी. वितळवलेली लस उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीतच वापरावी. प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास सुमारे एक आठवडा लागतो. त्या काळात पिल्ले मोठ्या पक्ष्यांपासून पूर्णतः अलग ठेवावीत. एक तुकडी बाहेर गेल्यावर जुने लिटर काढून शेड धुऊन निर्जंतुक करावी. लिटरमधील काळ्या भुंगेऱ्यांचेही नियंत्रण करावे. विषाणू त्यांच्या गुणसूत्रांत शिरत नसला, तरी हे भुंगेरे त्याचे वहन करू शकतात.