वन पीसचा डीव्हीडी सेट: विकत घेतला म्हणजे नेमकं काय मिळालं?

मागच्या दिवाळीला माझा मामेभाऊ अमेरिकेहून येणार होता. "काय आणू?" असं त्याने विचारल्यावर मी लगेच सांगितलं, "चॉकलेटं नकोत, वन पीसचा कलेक्शन १ चा डीव्हीडी सेट आण." त्याने आणलाही. कपाटातला जुना डीव्हीडी प्लेअर काढला, धूळ पुसली, डिस्क आत सरकवली आणि टीव्हीवर मेसेज आला: रीजन चुकीचा आहे.

डिस्क ओरिजिनल, पैसे मोजलेले, प्लेअर धडधाकट. तरी लुफी काही दिसेना. घरच्यांची मस्त करमणूक झाली. मी मात्र विचारात पडलो: आपण एखादा शो ‘विकत घेतो’ तेव्हा नक्की काय आपलं होतं? वन पीसच्या निमित्ताने हेच समजून घेऊ.

एकच शो, दोन अवतार

एइइचिरो ओडा यांची वन पीस ही मांगा १९९७ मध्ये जपानच्या ‘वीकली शोनेन जंप’मध्ये सुरू झाली. तोएई अ‍ॅनिमेशनने केलेला अ‍ॅनिमे २० ऑक्टोबर १९९९ पासून फुजी टीव्हीवर दिसू लागला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याने १००० एपिसोड गाठले. एक एपिसोड साधारण २४ मिनिटांचा धरला, तर तेवढेच एपिसोड म्हणजे ४०० तास होतात. न झोपता, न जेवता पाहत बसलात तरी सोळा दिवसांहून जास्त!

अमेरिकेत २००४ मध्ये हा शो आधी ‘फोरकिड्स’ कंपनीने आणला, पण लहान मुलांसाठी कापून-छाटून. सांजीच्या तोंडातली सिगारेट जाऊन तिथे लॉलीपॉप आला. मूळ १४३ एपिसोडचे त्यांनी १०४ केले. पुढे २००७ मध्ये हक्क ‘फनिमेशन’कडे गेले आणि २००८ पासून न कापलेले एपिसोड डीव्हीडीवर येऊ लागले.

डिस्कचं पहिलं महत्त्व इथे कळतं. टीव्हीवर किंवा अ‍ॅपवर काय दाखवायचं हे दाखवणारा ठरवतो, आणि उद्या ते बदलूही शकतो. डिस्कवर छापलेली आवृत्ती मात्र तशीच राहते.

सेट घेताना पहिली चूक

फनिमेशनने सुरुवातीला ‘सीझन वन, फर्स्ट व्हॉयेज’ अशा नावाने १३-१३ एपिसोडचे सेट काढले. २०११ पासून तेच एपिसोड ‘कलेक्शन’ या नावाने मोठ्या सेटमध्ये येऊ लागले. कलेक्शन १ मध्ये एपिसोड १ ते २६ आहेत, म्हणजे आधीचे पहिले दोन व्हॉयेज एकत्र. जुना माल विकणाऱ्यांकडे दोन्ही प्रकार सापडतात. म्हणून बॉक्सवरच्या नावावर जाऊ नका, मागे छापलेले एपिसोड नंबर बघा. नाहीतर एकच गोष्ट दोनदा घरी येईल.

रीजन कोड: डिस्कचा पासपोर्ट

डीव्हीडी बनवणाऱ्यांनी जगाचे भाग पाडले आणि प्रत्येकाला नंबर दिला. अमेरिका आणि कॅनडा १, जपान आणि पश्चिम युरोप २, भारत ५. डिस्कवर एक नंबर असतो, प्लेअरमध्ये एक असतो, आणि दोन्ही जुळले नाहीत तर प्लेअर नकार देतो. यात तांत्रिक अडचण काहीच नसते. व्हिडिओ तोच, लेझरही तोच. वेगवेगळ्या देशांत वेगळ्या तारखेला आणि वेगळ्या किमतीला विकता यावं, म्हणून मुद्दाम घातलेलं हे कुंपण आहे.

ब्लू-रेमध्ये नंबरांऐवजी अक्षरं आली. अमेरिका आणि जपान दोघंही ए विभागात, युरोप बी मध्ये, भारत सी मध्ये. तिथे काही डिस्क सगळ्या विभागांत चालतात, पण घेण्याआधी बॉक्सवर तपासून घ्या.

लॅपटॉपला लावायच्या यूएसबी डीव्हीडी ड्राइव्हमध्ये रीजन सेटिंगमधून बदलता येतो, पण साधारण पाचच वेळा. त्यानंतर शेवटचा रीजन कायमचा बसतो. उगाच गंमत म्हणून बदलत राहू नका.

फोनवर कसं दिसेल?

आता तुमच्या हातातल्या स्क्रीनकडे येऊ. अमेरिकन डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ४८० पिक्सेलचं असतं. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०. गुणाकार केला की कळतं, फुल एचडीत पिक्सेल बरोबर सहापट असतात. म्हणून चांगल्या फोनवर किंवा मोठ्या टीव्हीवर डीव्हीडी जरा मऊ, धूसर दिसते. डिस्क खराब नसते, तिच्यात मुळात माहितीच तेवढी असते.

दुसरी गोष्ट आकाराची. पहिले २०६ एपिसोड ४:३ या जुन्या टीव्हीच्या चौकोनी आकारात आहेत. २०७ पासून शो १६:९ झाला. तुमचा फोन २०:९ असेल, तर जुना एपिसोड आडव्या स्क्रीनचा फक्त ६० टक्के भाग भरतो, बाकी दोन्ही बाजूंना काळे पट्टे. कोणी ‘फुल स्क्रीन’ करून दिलेला जुना एपिसोड दिसला, तर समजा की वरून-खालून चित्र कापलंय किंवा ते ताणलंय. पट्टे दिसणं हीच बरोबर गोष्ट आहे.

मग डीव्हीडीत चांगलं काय? कलेक्शन १ मध्ये २६ एपिसोड चार डिस्कवर आहेत. डबल लेयर डिस्कमध्ये ८.५ जीबी मावतात. हिशेब केला तर आवाजासकट सेकंदाला जास्तीत जास्त सातेक मेगाबिट मिळतात. एमपेग-२ हा जुना, जास्त जागा खाणारा फॉरमॅट असला तरी नेट स्लो झालं म्हणून चित्र चौकोनी-चौकोनी होण्याची भानगड नाही. शिवाय जपानी आवाज, इंग्रजी आवाज आणि सबटायटल, तिन्ही एकाच डिस्कवर.

खरी गोम: डिजिटल कॉपी

फनिमेशनच्या अनेक सेट्ससोबत एक कोड मिळायचा. तो टाकला की तोच शो त्यांच्या अ‍ॅपवर तुमच्या लायब्ररीत जमा व्हायचा. लोकांना वाटलं, डिस्कही आपली आणि डिजिटल कॉपीही आपली.

२०२१ मध्ये सोनीच्या फनिमेशनने ‘क्रंचीरोल’ विकत घेतलं आणि पुढे सगळा कारभार क्रंचीरोलच्या नावाखाली आला. २ एप्रिल २०२४ रोजी फनिमेशनचं अ‍ॅप आणि वेबसाइट बंद झाली. त्या डिजिटल कॉपी क्रंचीरोलवर नेण्याची सोय नव्हती. म्हणजे कोड टाकून जमवलेली लायब्ररी गेली. ज्यांच्या कपाटात डिस्क होत्या, त्यांच्याकडे शो राहिला.

कारण अ‍ॅपवर तुम्हाला मिळतो तो पाहण्याचा परवाना. फोनमध्ये ‘डाउनलोड’ केलेला एपिसोडही कुलूपबंद असतो, त्याची किल्ली कंपनीच्या सर्व्हरकडे. मुदत संपली किंवा शोचे हक्क गेले, की फाइल फोनमध्ये असूनही उघडत नाही.

डिस्कवरही कुलूप असतंच, पण त्याची किल्ली तुमच्या प्लेअरमध्ये असते. ती कोणी दुरून काढून घेत नाही. ते कुलूप तोडून कॉपी वाटण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं आहे, आणि उल्लंघनाच्या हेतूने असं कुलूप तोडणं हा गुन्हा आहे.

मग घ्यावं का?

सगळा वन पीस डिस्कवर जमवायचा म्हणजे कपाट आणि खिसा दोन्ही मोठं हवं. रोज पाहायला स्ट्रीमिंगच सोयीचं. पण जो भाग तुम्हाला दहा वर्षांनीही पाहायचाय, त्याचा एक सेट घेऊन ठेवा. घेताना तीन गोष्टी तपासा: एपिसोड नंबर, रीजन, आणि डीव्हीडी आहे की ब्लू-रे. ब्लू-रे डिस्क साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये चालत नाही. डिस्क कडेने धरा, उन्हापासून लांब ठेवा.

माझ्या सेटचं काय झालं? एक साधा यूएसबी ड्राइव्ह आणला, त्याचा रीजन १ केला आणि तसाच ठेवला. दोन्ही बाजूंना काळे पट्टे, जरा धूसर चित्र, आणि पिंप फोडून बाहेर आलेला लुफी. त्या वेळी घरातलं वायफाय बंद होतं, हे मला एपिसोड संपल्यावर कळलं.