जुनी ‘सिटी’ घेताना : इंजिन धडधाकट, खर्च मात्र इतरत्र

दीड-दोन लाख रुपयांत सेदान शोधणाऱ्या गोमंतकीयाला दलाल हमखास दाखवतो ती गाडी म्हणजे होंडा सिटी. त्यातही नोव्हेंबर २००८ मध्ये भारतीय बाजारात आलेल्या आणि पुढची पाच वर्षे विकल्या गेलेल्या पिढीला अद्याप मागणी आहे. ऐसपैस मागची बैठक, मोठी डिकी आणि ११८ अश्वशक्तीचे १४९७ सीसीचे पेट्रोल इंजिन हे तिचे आकर्षण. ग्राहकही बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतो, समाधानाने मान डोलावतो आणि विसार देऊन मोकळा होतो. या गाडीचे खरे दुखणे मात्र बॉनेटखाली क्वचितच सापडते.

इंजिनाविषयी थोडक्यात सांगायचे तर ते चिवट आहे. त्यात टायमिंग बेल्ट नसून चेन आहे. त्यामुळे ‘बेल्ट नुकताच बदलला’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्या विक्रेत्याच्या इतर दाव्यांकडेही संशयाने पाहावे. थंड इंजिन सुरू करताच टकटक ऐकू आल्यास बहुधा टॅपेटचे अंतर जुळवावे लागते. हे काम हजार-दोन हजारांत होते. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी वर्षानुवर्षे नळाचे पाणी भरलेले असणे मात्र गंभीर. इंजिन थंड असताना झाकण उघडून पाहावे. आतले पाणी गंजाच्या रंगाचे असेल तर रेडिएटरचे पाच-सात हजार गृहीत धरावेत. इंजिन एकदा तापून हेड गॅस्केट गेले असेल, तर पंचवीस ते चाळीस हजारांची तयारी हवी. २००८ पूर्वीची ‘झेडएक्स’ स्वस्तात मिळते. तिच्या ७७ अश्वशक्तीच्या इंजिनात चार सिलिंडरना आठ स्पार्क प्लग आहेत, म्हणजे प्लग बदलण्याचा खर्चही दुप्पट. तिची सीव्हीटी गिअरची आवृत्ती जागेवरून निघताना थरथरत असेल, तर तो सौदा सोडून द्यावा हे उत्तम.

गोव्यात गाडीला खरे खाते ते येथील हवापाणी. वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, उरलेले आठ महिने खारा वारा आणि पोरसात माडाखाली उघड्यावर उभी राहिलेली गाडी. दिवाडी किंवा चोडणला नित्य ये-जा करणाऱ्या गाड्यांची चाके फेरीधक्क्याच्या उतारावर भरतीच्या खाऱ्या पाण्यातून जातात. ते पाणी खालच्या पत्र्याच्या सांध्यांत शिरते आणि तेथेच सुकते. वरून चकचकीत पॉलिश केलेली गाडी म्हणूनच गॅरेजच्या लिफ्टवर चढवून खालून पाहावी. दारांखालची पट्टी, चाकांवरच्या कमानींची आतली बाजू, डिकीत स्टेपनीखालचा खळगा आणि सायलेन्सरचे जोड ही गंजाची ठरलेली ठिकाणे. वरवरचा गंज घासून रंग मारण्याचे काम आठ-दहा हजारांत होते. पत्रा कापून नवा जोडायचा झाल्यास तीस हजारही अपुरे पडतात. दोन गाड्यांत निवड करायची वेळ आल्यास, किनाऱ्यालगतच्या कमी धावलेल्या गाडीपेक्षा फोंड्यात छपराखाली राहिलेली जास्त धावलेली गाडी बरी. मीटरचा आकडा मागे फिरवता येतो, पण गंज लपवणे कठीण असते.

सिटीची जमिनीपासूनची उंची १६० मिलिमीटर आहे. पाच माणसे बसली की आपल्याकडच्या गतिरोधकांवर तिचे पोट घासते. परिणामी लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश आणि पुढचे शॉकअप लवकर झिजतात. खड्ड्यातून जाताना खडखड ऐकू आली तर बुशांपुरते तीन ते पाच हजार, शॉकअपसह दहा ते तेरा हजार लागतात. क्लचचा संच बसवण्यासह आठ ते बारा हजार, चार टायर अठरा ते बावीस हजार, तर एसीची कूलिंग कॉइल सहा ते नऊ हजार. कॉम्प्रेसरच गेला असेल तर वीस हजारांच्या पुढे. हे सारे खासगी गॅरेजांतील अदमासे दर आहेत. अधिकृत केंद्रात ते बरेच वाढतात. एक हिशेब मांडून पाहावा : गाडी १,८०,००० रुपयांची, त्यावर टायर २०,०००, शॉकअप १२,०००, क्लच १०,०००, एसी ८,००० आणि पहिली सर्व्हिसिंग ६,०००. एकूण ५६,००० रुपये, म्हणजे किमतीच्या जवळपास एक-तृतीयांश. किंमत ठरवण्यापूर्वीच हे आकडे विक्रेत्यासमोर ठेवावेत.

एका दुरुस्तीला पैसे पडत नाहीत, तरीही नेमकी तीच राहून जाते. टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगमधील सदोष इन्फ्लेटरमुळे होंडाने भारतातही सिटीसह अनेक गाड्या परत बोलावल्या होत्या. त्यातील अमोनियम नायट्रेट दीर्घकाळच्या उष्णतेने व दमट हवेने बिघडते. मग अपघातात एअरबॅग उघडताना धातूचे आवरण फुटून त्याचे तुकडे चालकाच्या अंगावर येऊ शकतात. जगात अनेकांचे जीव यामुळे गेले आहेत. उष्ण आणि दमट हे तर आपल्या हवेचे वर्णनच. आरसीवरील चासी क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर भरला की आपली गाडी त्या यादीत आहे का ते कळते. असल्यास इन्फ्लेटर विनामूल्य बदलून मिळतो. मालक दोन-तीनदा बदललेले असतील, तर कंपनीचे पत्र जुन्याच पत्त्यावर गेलेले असण्याचा संभव दाट.

शेजारच्या राज्यातून येणारी गाडी वरकरणी स्वस्त असते. कोल्हापूर-सांगलीत २०१९ आणि २०२१ साली महापूर आले, हे अशा वेळी विसरू नये. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, तळाशी चिखलाचा डाग राहिलेला असतो. कार्पेट उचलून सीटखालच्या रुळांचा गंज पाहावा. पाण्यात बुडालेल्या गाडीच्या वायरिंगचे दुखणे वर्षभराने डोके वर काढते. शिवाय मूळ राज्याचे ना हरकत प्रमाणपत्र आणि येथील रस्ता कर यांचा खर्च वेगळाच.

कागदपत्रांत सर्वांत महत्त्वाची ती पहिल्या नोंदणीची तारीख. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०११ साली नोंदलेल्या गाडीची मुदत २०२६ मध्ये संपते. पुढे वाहतूक खात्याची तपासणी उत्तीर्ण झाल्यासच ती पाच वर्षांनी वाढते. एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क मोटारीसाठी ६०० वरून ५,००० रुपये झाले, तर २० वर्षांपुढील मोटारीसाठी ऑगस्ट २०२५ पासून ते १०,००० रुपये आहे. खालचा पत्रा कुजलेला असेल तर या तपासणीत अडचण येऊ शकते. आरसीवर बँकेच्या कर्जाची नोंद शिल्लक नाही ना, हेही पाहावे. नो-क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. तो नव्या मालकाकडे येत नाही. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठीचा अर्ज मालकी बदलल्यापासून चौदा दिवसांच्या आत कंपनीकडे द्यावा लागतो.